भावाची जिभेखालची गोळी पण नशाच आहे का? आणि ती बुटीबोरीजवळ का मिळत नाही?

मानेवाडा_ताई

नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसतं वाचते इथं, आज पहिल्यांदा लिहून राहिली आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा लहान भाऊ २७ वर्षांचा, गॅरेजमध्ये होता कामाला. पाच वर्षांपूर्वी पन्नीच्या नादी लागला, म्हणजे फॉइलवर जाळून ओढतात ती गर्द, ब्राउन शुगर. आम्हाला कळलं ते पोळ्या गुंडाळायच्या फॉइलमुळे. आई म्हणायची हा रोल महिना-महिना पुरायचा, आता आठवड्यात कसा संपून राहिला, आणि मी तिलाच म्हणायची तूच जास्त वापरत असशील. इतके आम्ही भोळे. मग सोन्याची चेन गेली, बाबांची गाडी गहाण पडली, ते सगळं सांगत बसत नाही, ज्यांच्या घरात झालं त्यांना माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं, नाव नाही घेत. पाच महिने ठेवलं. तिथं डॉक्टर कधी आलेला त्यानं पाहिलाच नाही म्हणे, पहिले आठ दिवस नुसता कोंडून ठेवला, उलट्या, जुलाब, अंग मोडणं सगळं तसंच फरशीवर. परत आला तेव्हा गाल भरले होते, आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाराव्या दिवशी परत बाथरूममध्ये फॉइल सापडली.

आता तीन महिन्यांपासून सरकारी ओपीडीत जातो. तिथल्या मॅडमनी ब्युप्रेनॉर्फिन सुरू केली, जिभेखाली ठेवायची गोळी. तीन महिन्यांत घरातून दहा रुपये गेले नाहीत. जेवतो, झोपतो, आईशी भांडतो सुद्धा, जे तो पाच वर्षं करत नव्हता. बुटीबोरीला कंपनीत लागला कंत्राटी. पण फर्स्ट शिफ्ट असली की ७ ते ३, आणि गोळी मिळते सकाळी ९ ते १. ती पण समोर बसवून देतात, एक-दोन दिवसांची घरी मिळते कधीकधी, बाकी रोज या. मागच्या महिन्यात सहा खाडे झाले. सुपरवायझर विचारून राहिला की रोज रोज कोणता दवाखाना असते बे तुला.

आणि घरी बाबा. एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाले. त्यांचं एकच, की ही पण अफूचीच गोळी, एक नशा सोडून दुसरी धरली, सरकार एका हातानं पकडते आणि दुसऱ्या हातानं वाटते. पोळ्यापर्यंत बंद झाली पाहिजे म्हणतात, मारबतीसोबत ही पीडा पण जाऊ दे. मी म्हटलं बाबा तुमची शुगरची गोळी बंद करता का, तर म्हणाले शुगरची गोळी कोणी चौकात विकत नाही. यावर मला उत्तर सुचलं नाही.

तर माझे प्रश्न. ही नशाच आहे का? किती दिवस घ्यायची? आणि ही मनपाच्या दवाखान्यात किंवा बुटीबोरीच्या सरकारी दवाखान्यात का ठेवत नाहीत? अमेरिकेत म्हणे कायदा बदलून साध्या डॉक्टरला लिहायची परवानगी दिली, तसं आपल्याकडे वरूनच काही होऊ शकत नाही का? आणखी एक, त्याचं नाव रजिस्टरमध्ये आहे तर पोलिसांकडे जाईल का, ही बाबांची दुसरी भीती.

ऑटोवाला_सहा_वर्षं

ताई मी बोलतो कारण मी हीच गोळी घेऊन राहिलो, सहावं वर्ष चालू आहे. हे आयडी पण त्याच्यावरूनच ठेवलं.

बाबाले सांगा, की नशा काय असते ते मले विचारा. गर्दवर असलो ना की सकाळी डोळा उघडला की पहिला विचार पैसा कुठून, दुसरा विचार माल कुठून, अन् मिळाला तरी तीन-चार घंट्यांत नाक गळाले सुरुवात, जांभया, पायात मुंग्या, मांडीचं हाड कोणी आतून पिरगाळते असं. दिवसातून चार येळा मरायचं अन् चार येळा जिवंत व्हायचं. किक बिक पहिलं एक वर्ष असते, मंग काय नाय, नुसतं आजारी पडू नये म्हणून ओढायचं.

गोळीचं असं हाय की नर्सबाई म्हणते तोंड उघड, गोळी कुस्करून जिभेखाली ठेवते, दहा मिनटं बाकावर बस, बोलू नको, पाणी पिऊ नको, मंग जीभ वर कर दाखव. कडू जहर लागते. अन् मंग काय होते? काहीच नाय होत. हेच तं त्याचं भारी काम हाय. ऑटो काढतो, सवारी घेतो, पोरीले शाळेतून आणतो. बद्धकोष्ठ होते, घाम येते, हे खरं, झाकत नाय.

अन् पोळ्यापर्यंत बंद करायचं म्हणता तं एक ऐका. आमच्या अड्ड्यावरचा एक पोरगा असाच केंद्रातून सुटून आला, चार महिने अंग साफ. घरच्यांनी मिठाई वाटली. त्यानं पहिल्याच दिवशी जुन्या हिशोबानं ओढलं, शरीराची ताकद तं उतरली होती ना. सकाळी उठला नाही. म्हणून मी कोणाले सांगत नाय लवकर सोड म्हणून.

रोजच्या चकरेचा त्रास मात्र खरा हाय. मी स्वतःचा ऑटो असल्यानं टिकलो. माझ्यासोबत सुरू केलेले नोकरीवाले सगळे गळाले, एकाले दहा वाजता सुट्टी कोण देईन रोज.

इतवारीकर

कोणाला दुखवायचं नाही, पण बाबांची बाजू कोणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहितो. ही गोळी बाजारात फिरते, लोक ती पाण्यात विरघळवून टोचतात, पंजाबात तर गल्लोगल्ली सेंटर उघडले आणि गोळीचाच वेगळा धंदा झाला अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. आपल्याकडे खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या नाल्यात सापडतात, बटन गोळ्या शाळकरी पोरांच्या खिशात, आणि तुम्ही म्हणता अजून एक गोळी प्रत्येक दवाखान्यात ठेवा. देश म्हणून धोरण करायचं तर ते विक्रेते पकडायचं करा, मनाची ताकद वाढवायचं करा. आमच्या काळी दारू सोडणारे लोक एका दिवसात माळ घालून सोडायचे.

रजेवरचा_रेसिडेंट

मानसोपचारात एमडी करतोय, नागपूरचाच, चार दिवस घरी आलोय आणि आईनं तर्री पोहे समोर ठेवलेत ते गार होऊन राहिले, तरी लिहितो कारण हा प्रश्न ओपीडीत रोज येतो.

ताई, आधी तुमच्या बाबांचं खरं ते खरं. गोळी अफूच्याच घराण्यातली आहे. मेंदूत ज्या खुर्च्यांवर हेरॉईन, म्हणजे गर्द, जाऊन बसतं त्याच खुर्च्यांवर ही बसते, पण एक तर घट्ट बसते, सहज उठत नाही, आणि दुसरं, अर्धंच काम करते. एका हद्दीनंतर डोस वाढवला तरी गुंगी वाढत नाही, श्वास मंदावणं पण त्या हद्दीतच राहतं. हेरॉईनला अशी हद्द नसते, म्हणून माणूस मरतो. परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे ऑटोवाले भाऊ म्हणाले तसं दिवसात चार वेळा मरणं थांबतं. अचानक बंद केली तर त्रास होणार, म्हणजे शरीराला तिची सवय आहे, ते नाकारत नाही. पण घर लुटणं, खोटं बोलणं, मालामागे धावणं हे जे व्यसन, ते गेलं ना? तीन महिने दहा रुपये गेले नाहीत हे तुम्हीच लिहिलं.

धोका आहे तो दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर. ते भावाला एकदा नाही दहादा सांगा.

किती दिवस? ठरलेली तारीख नसते. वर्ष, दोन वर्षं, काहींना त्याहून जास्त. कमी करायची ती हळूहळू, त्याच्या मर्जीनं आणि डॉक्टरच्या हिशोबानं, सणाच्या तारखेनं नाही. पाच महिने कोंडून ठेवून बाराव्या दिवशी फॉइल सापडणं यात भावाची मनाची ताकद कमी पडली असं नाही, औषधाशिवाय नुसतं शरीर साफ केलं की बहुतेकांचं हेच होतं.

आता घराजवळ का मिळत नाही. या गोळीला व्यसनाच्या उपचारासाठी परवानगी देतानाच अट होती की ती व्यसनमुक्ती केंद्रांना आणि तशी सोय असलेल्या हॉस्पिटलांनाच पुरवायची. साध्या मेडिकल स्टोअरमध्ये चिठ्ठी दाखवून मिळत नाही. त्यात एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्यामुळे साध्या एमबीबीएसला वाटतं कशाला हात लावा, उद्या पोलीस दारात. मग उरतात सरकारी वाटा, आणि इथं खरी गंमत आहे, त्या तीन वेगवेगळ्या यंत्रणांच्या आहेत. नॅको, म्हणजे सरकारची एड्स नियंत्रण संस्था, तिची ओएसटी सेंटर (नशेच्या बदली अशी गोळी देणारी) २००७-०८ च्या सुमारास सुरू झाली ती एचआयव्ही थांबवायला, म्हणून ती मुळात सुईनं टोचणाऱ्यांसाठी. तुमचा भाऊ पन्नीवाला, तो त्या दारात बसतच नाही. आरोग्य खात्याची ड्रग ट्रीटमेंट क्लिनिक वेगळी, तिथं पन्नीवाल्यालाही घेतात पण ती मोजकी. आणि सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर चालणारी केंद्रं तिसरीकडे, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी भर समुपदेशनावर आणि भरती करण्यावर, ही गोळी नाहीच. पेशंट एक, दारं तीन, आणि प्रत्येक दारावरचा माणूस म्हणतो बाजूला विचारा.

२०१९ मध्ये केंद्र सरकारनं एम्सकडून करवून घेतलेला देशभराचा सर्व्हे आला, त्यात अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले लोक ७७ लाख निघाले. त्यातले निम्म्याहून जास्त ज्या आठ राज्यांतले, त्यात आपला महाराष्ट्र आहे. आपण सगळे पंजाब पंजाब करत बसतो. ७७ लाख लोकांना मानसोपचारतज्ज्ञच गोळी देणार म्हटलं तर आम्ही पुरणार नाही, सरळ आहे.

बाहेरचं बघायचं तर अमेरिकेआधी फ्रान्सचं बघा. तिथं १९९५ मध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांना ही गोळी लिहायची मुभा दिली, वेगळं लायसन्स नाही, खास सेंटर नाही. १९९९ पर्यंत ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी उतरले. त्यांच्याकडे पण काही लोकांनी गोळी टोचली, काहींनी विकली, इतवारीकर काका, तेही खरं. पण मेलेल्या माणसांचा आकडा खाली आला. अमेरिकेनं उलटं केलं, २००० च्या कायद्यात डॉक्टरला परवानगी दिली पण आठ तासांचं ट्रेनिंग घ्या, वेगळा नंबर घ्या, पहिल्या वर्षी ३० च पेशंट. २२ वर्षं तसंच चाललं, मधल्या काळात फेंटानिल नावाचं हेरॉईनहून जहाल ड्रग आलं आणि वर्षाला लाखावर माणसं ओव्हरडोसनं जायला लागली, तेव्हा कुठे डिसेंबर २०२२ मध्ये ती अट काढली. आणि काढल्यावर काय झालं? लिहिणारे डॉक्टर वाढले, पण गोळी घेणारे पेशंट त्या मानानं वाढलेच नाहीत. कारण नियम गेला तरी डॉक्टरला ते पेशंट नको असतात, दुकानदार गोळी ठेवत नाही. हे मी मुद्दाम लिहितो, नुसता जीआर निघाला की झालं असं समजू नका.

पोलिसांचं. तुमच्या केसपेपरची माहिती गोपनीय असते, मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये व्यसनाचा आजार पण धरला आहे, त्यामुळे गोपनीयतेचा हक्क भावाला आहे. उलट एनडीपीएसमध्येच कलम ६४अ आहे, थोड्या मात्रेसह सापडलेला व्यसनी माणूस, हेरॉईनसाठी ती हद्द ५ ग्रॅम, स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडला तर सूट जाऊ शकते. म्हणजे रजिस्टरमधलं नाव ही त्याची ढाल आहे.

पोहे गार झाले.

गांधीबाग_औषधवाला

होलसेलमध्ये २२ वर्षं झाली, डॉक्टर साहेबांशी बरंचसं पटलं पण एका ठिकाणी अडलो.

मेडिकल स्टोअरमध्ये ही गोळी आणा असं कोणी म्हणत असेल तर मी पहिला हात वर करीन, नको म्हणून. का ते सांगतो. ट्रॅमाडॉल आधी धडाधड विकायचं, दुखण्याची गोळी म्हणून, २०१८ च्या एप्रिलमध्ये ते एनडीपीएसमध्ये टाकलं. बरं झालं, पण त्यानंतर काय की गुडघ्याच्या म्हातारीची खरी चिठ्ठी असली तरी रिटेलवाला हात झटकून मोकळा, माल नाही म्हणतो. २०१४ पासून एचवन रजिस्टर ठेवतोच आम्ही, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, नग किती, तीन वर्षं जपून. एक पान इकडचं तिकडं झालं तर माणूस उत्तरं देत बसतो. आणि रात्री नऊला शटर ओढताना चार पोरं येऊन काउंटरवर हात आपटतात, दे ना काका एक पत्ता, तेव्हा धोरण करणारा दिल्लीत जेवत असते.

म्हणून माझं मत, गोळी आणा पण दवाखान्यात आणा. मनपाच्या दवाखान्यात फार्मासिस्ट असते, फ्रीज असते, टीबीच्या गोळ्या तिथूनच जातात. तिथं कुलपाचं एक कपाट आणि एक रजिस्टर वाढवणं काही चंद्रावर जाणं नाही.

आणि एक गंमत, इतवारीकर साहेबांसाठी. ही गोळी ज्या थेबेनपासून बनते ते अफूच्या बोंडातूनच निघते. आपल्या देशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यानं अफू पिकते, सरकारच विकत घेते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत इंग्रजांच्या वेळचे. इथून नीमच रात्रभराच्या प्रवासावर, आणि ताईंचा भाऊ एका गोळीसाठी पगार कापून घेऊन राहिला.

बटन गोळ्या आणि ही गोळी एकाच माळेत ओवू नका मात्र, तो माल वेगळा, ती झोपेची औषधं.

इतवारीकर

अफूच्या शेतीचं माहीत होतं, कारखान्याचं नव्हतं. तरी माझा मुद्दा उरतोच, घरी न्यायला दिली की विकणार. रोज समोर बसवून देतात ते उगीच नाही. आणि माळकऱ्यांचं मी मनापासून लिहिलं होतं, आमच्या घरातलंच उदाहरण आहे, हसण्यावारी नेऊ नका.

रजेवरचा_रेसिडेंट

काका, हसलो नाही. माळ घालून सुटलेले लोक मी पण पाहिले, त्यांना मानतो. पण तुमच्या घरातलं उदाहरण दारूचं आहे, आणि जे नाही सुटले ते तुम्हाला दिसले नाहीत, ते आमच्या वॉर्डात दिसतात.

घरी न्यायच्या डोसचं मात्र बोलू, कारण सगळं धोरण तिथंच येऊन अडकतं. समोर बसवून देण्यात दोन फायदे, विकता येत नाही आणि नर्सशी रोज दोन शब्द होतात. सुरुवातीच्या दिवसांत तर ते हवंच, शेवटची पन्नी ओढून पुरेसे तास गेले नसतील आणि गोळी दिली तर उलट जोराची तलफ, म्हणजे नशा तुटल्याचा सगळा त्रास, एकदम उठते, तेव्हा कोणी बघणारं पाहिजे. पण तीन महिने नीट येणारा, कामाला लागलेला माणूस? त्याला रोज बोलावलं तर दोनच गोष्टी होतात, एक तर नोकरी सोडतो नाही तर गोळी. चौकात जी गोळी विकली जाते ती विकत घेणारा पण बहुतेक वेळा नशेसाठी घेत नाही, तलफेचा त्रास टाळायला घेतो, कारण त्याच्या गावात सेंटर नाही किंवा वेळ जमत नाही. ताई, बाबांना शुगरच्या गोळीचं उत्तर हे द्या, की शुगरची गोळी दर कोपऱ्यावर मिळते म्हणून चौकात विकत नाहीत.

गोळीत नॅलोक्सोन, म्हणजे अफूचा असर तोडणारं औषध, मिसळलेलं मिळतं, चारास एक या प्रमाणात. जिभेखाली ठेवलं तर ते नॅलोक्सोन काही करत नाही, टोचलं तर तलफ उठवतं. घरी द्यायची ती हीच. शंभर टक्के कुलूप नाही, पण कुलूप आहे.

पंजाबनं २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ओओएटी क्लिनिक सुरू केली, म्हणजे भरती न होता बाहेरच्या बाहेर गोळी. सुरुवातीला तिथंही समोर बसूनच. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, लोक येणार कसे, मग दोन-दोन आठवड्यांची गोळी घरी द्यायला लागले, आणि आकाश कोसळलं नाही, उलट लाइनी वाढल्या, कारण बाहेर माल मिळेना. नॅकोनं पण तेव्हा घरी डोस द्यायला सांगितलं. म्हणजे देशानं हे एकदा करून पाहिलं आहे, नाइलाजानं.

मला विचाराल तर नवीन काही शोधायचीच गरज नाही, आपल्याच घरात नमुना आहे. एचआयव्हीच्या गोळ्या. सुरुवातीला एआरटी सेंटर मोठ्या हॉस्पिटलातच, लोक गोंदिया-गडचिरोलीहून नागपूरला यायचे. मग त्याच नॅकोनं लिंक एआरटी काढले, खालच्या रुग्णालयात. सुरुवात मोठ्या सेंटरला, पेशंट स्थिर झाला की गोळ्या घराजवळ, आणि नीट घेत असेल तर काही महिन्यांच्या एकदम. तसंच इथं करा, सुरुवात आमच्याकडे, तीन महिन्यांनी कागद बुटीबोरीला. केंद्राच्या पातळीवर एकदा तिन्ही यंत्रणांचं मिळून लिहून निघालं पाहिजे, की पन्नीवाला असो की सुईवाला, कोणत्याही सरकारी दवाखान्यात ट्रेनिंग घेतलेल्या एमबीबीएसनं दिली तर चालेल. एनडीपीएसच्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, मेथाडोनसारखी सहा औषधं अत्यावश्यक म्हणून सोपी केली, पण ब्युप्रेनॉर्फिन त्या यादीत नाही, ती दुसऱ्या वर्गात बसते. कॅन्सरवाल्यांच्या वेदनेसाठी लोक वर्षानुवर्षं भांडले तेव्हा ते झालं. व्यसनवाल्यांसाठी भांडणार कोण, घरचेच लाजेनं गप्प.

ऑटोवाला_सहा_वर्षं

डॉक्टर साहेब लाख बोलले. लॉकडाऊनमध्ये मले पण एकदम पट्टा भेटला होता, पहिल्यांदा. घरी नेला, बायकोनं पोह्याच्या डब्यात कुलूप लावून ठेवला अन् रोज सकाळी एक काढून द्यायची. एक पण विकली नाय. लॉकडाऊन उठलं अन् परत रोजची लाइन. तवा वाटलं की माणूस तोच, गोळी तीच, भरवसा फक्त बिमारीपुरता होता काय.

ताई, लहान पोरं असतील घरात तं कुलूप नक्की लावा, त्याईच्या हाती लागली तं जीवावर बेतते.

मानेवाडा_ताई

सगळ्यांचे खूप आभार, इतवारीकर काकांचे सुद्धा, कारण तुमचा मेसेज बाबांना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले बघ, कोणीतरी शहाणं आहे. मग बाकीचे पण ऐकावे लागले त्यांना.

पोळ्याची तारीख अजून मागे घेतली नाही, पण काल स्वतः म्हणाले मी येतो ओपीडीत. आम्ही तिघं गेलो. बाबा बाकावर बसले, बाजूला भाऊ, तोंड बंद करून, गोळी जिभेखाली. दहा मिनिटं कोणी बोललं नाही, भावाला बोलायचंच नव्हतं आणि बाबांना सुचत नव्हतं. मग सिस्टर आल्या आणि म्हणाल्या जीभ वर कर, भावानं पाच वर्षांच्या पोरासारखं आ केलं, आणि बाबा तिकडून उठून बाहेर पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा मॅडमना विचारलं की ही दुपारी तीननंतर मिळू शकते का, मी याला बसस्टँडवरून घेऊन येत जाईन. नशेचा न काढलाच नाही.

मॅडम म्हणाल्या तीननंतर त्यांच्याकडे माणूस नसते, पण कंपनीचं शिफ्टचं पत्र आणा, लघवीची तपासणी परत करू, नीट आली तर आठवड्याची घरी द्यायचं वर विचारते. नियम तोच आहे, त्या काढू शकत नाहीत, वाकवू शकतात थोडा.

आता अडचण ही की पत्र मागायचं तर कंपनीत कारण सांगावं लागते. भाऊ म्हणतो सांगितलं की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. कोणाला अनुभव आहे का, नुसतं दवाखान्याची ट्रीटमेंट चालू आहे एवढंच लिहून चालते का?

गांधीबाग_औषधवाला

चालते. पत्रात फक्त शिफ्टची वेळ मागा, दवाखान्याचा शब्दच नको. बँकेत लोनसाठी पाहिजे म्हणून सांगा, तिथं ड्युटी सर्टिफिकेट लोक रोज मागतात. कोणी विचारणार नाही.

रजेवरचा_रेसिडेंट

मी हे वाचलं नाही असं समजा, पण हो. आणि शिफ्ट बदलत असेल तर तीन महिन्यांचं वेळापत्रकच मागा, दर वेळी मागावं लागणार नाही. दरम्यान एखाद्या दिवशी चुकलंच तर घाबरून बाहेरून काही घेऊ देऊ नका, ही गोळी शरीरात बराच वेळ राहते, दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं काल चुकली म्हणून. रात्री-बेरात्री बोलायला कोणी हवं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन, आणि १४४१६ टेलिमानस, मराठीत बोलतात.

इतवारीकर

ताई, बुटीबोरीच्या दोन-तीन कंपन्यांत माझा माल जातो. पत्राला अडचण आली तर इथंच लिहा, एचआरवाल्याशी बोलून बघतो. कारण सांगणार नाही.